उत्तर कोणत्या भाषेत मिळतं, त्यावर ओळख ठरते

कोल्हापुरात 'बाहेरून आलेली माणसं' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो शिरोलीच्या फाउंड्रीतला, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातला बिहारी कामगार, गुजरी या सराफपेठेतला बंगाली कारागीर, नाहीतर इचलकरंजीत मागावर उभा असलेला ओडिया तरुण. जनगणनेचा हिशेब वेगळा निघतो. जन्म कुठं झाला आणि याआधी मुक्काम कुठं होता, या दोन प्रश्नांवरून जनगणना माणसाला स्थलांतरित ठरवते. २०११ साली देशात असे सुमारे ४५ कोटी लोक निघाले. त्यांत दोन तृतीयांशांहून अधिक बायका होत्या आणि त्यांच्या स्थलांतराचं सगळ्यांत मोठं कारण होतं लग्न. म्हणजे चंदगडहून कोल्हापुरात नांदायला आलेली सून आणि बिहारमधल्या छपऱ्याहून फाउंड्रीत आलेला पोरगा सरकारी व्याख्येत एकाच रकान्यात बसतात.

आणखी एक मोठा गट या मोजणीत नीट सापडतच नाही, तो म्हणजे बीड, लातूर, धाराशिवकडून दिवाळीच्या सुमारास येणारा आणि मार्च-एप्रिलला परतणारा ऊसतोड मजूर. तोही मराठीच बोलतो. तेव्हा 'भाषा आणि स्थलांतर' हा विषय हिंदी विरुद्ध मराठी एवढाच धरला, तर निम्म्याहून जास्त माणसं सुरुवातीलाच बाहेर राहतात.

या लेखाचा मुद्दा असा: नवख्या माणसाची ओळख त्याला कुठली भाषा येते यावर जेवढी ठरते, त्याहून जास्त लोक त्याला कुठल्या भाषेत उत्तर देतात यावर ठरते.

चहाच्या गाड्यावर काय होतं

गुजरीतला कारागीर गाड्यावर जातो आणि म्हणतो, "एक चहा द्या, साखर कमी." वाक्य बरोबर असतं. फक्त 'चहा'तला च जरा वेगळा लागतो आणि 'कमी' थोडं 'कोमी'कडे झुकतं. चहावाला लगेच वळतो, "शक्कर कम ना? अभी देता." त्याच्या मनात वाईट काही नसतं, उलट समोरच्याची सोय बघायची म्हणून तो हिंदीवर येतो. समोरच्याच्या बोलण्याशी आपलं बोलणं जुळवून घेण्याच्या या सवयीचा अभ्यास हॉवर्ड जाइल्स या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकापासून केला. माणसं जवळीक दाखवायची असेल तर समोरच्यासारखं बोलतात, अंतर ठेवायचं असेल तर मुद्दाम वेगळं बोलतात. गोची अशी, की चहावाल्याला वाटतं आपण जवळ गेलो आणि कारागिराच्या कानाला ऐकू येतं, 'तू इथला नाहीस.'

हे दिवसातून पाच-सहा वेळा झालं की माणूस मराठीचा प्रयत्न सोडतो. प्रयत्न सुटला की सराव सुटतो आणि मग तोच चहावाला पुढं कधीतरी म्हणतो, "एवढी वर्षं झाली, अजून मराठी शिकला नाही बघा." वर्तुळ पूर्ण होतं. शहरात मराठी न शिकलेल्या माणसांबद्दल जी तक्रार ऐकू येते, तिचा बराचसा भाग इथं तयार होतो.

वर्तुळ तोडायला फार कष्ट नाहीत. उत्तर मराठीतच द्यावं, वाक्य लहान ठेवावं. शब्द अडला तर तेवढा एकच हिंदीत सांगून पुन्हा मराठीवर यावं. आवाज चढवू नये, समजत नसलेली भाषा मोठ्याने बोलल्यामुळे समजत नाही. चारचौघांत लिंगाच्या चुका काढू नयेत, आपल्या पुढच्या वाक्यात तोच शब्द बरोबर वापरला तरी पुरतं. आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे कोल्हापुरी वेग जरा आवरावा. फोनवरच्या ॲपवरून 'तू काय करत आहेस' शिकून आलेल्या माणसाला 'काय करायलाईस?' हे एका शब्दासारखं ऐकू येतं. त्यातलं 'करणं' त्याला सापडतच नाही.

काय आधी बदलतं, काय शेवटपर्यंत राहतं

नवी भाषा किंवा नवी बोली अंगात येते ती ठरावीक क्रमाने. सगळ्यांत आधी येतात सुटे शब्द. महिन्या-दोन महिन्यांत 'लय', 'भारी', 'व्हय', 'चालतंय की' तोंडात बसतात. व्याकरण त्यानंतर. उच्चार सगळ्यांत शेवटी, आणि बऱ्याचदा पूर्ण येतच नाही. इंग्लंडात राहायला गेलेल्या कॅनेडियन कुटुंबांतल्या मुलांचा अभ्यास जे. के. चेंबर्स यांनी १९९२ साली मांडला. त्यात दिसलं ते असं, की सात वर्षांच्या आत गेलेलं मूल नवी बोली जवळजवळ हुबेहूब उचलतं, चौदाच्या पुढचं बहुधा नाही, आणि मधल्या वयात कोण किती उचलेल ते ज्याच्या-त्याच्यावर आहे. फाउंड्रीत येणारा पोरगा अठरा-वीस वर्षांचा असतो. त्याचा सूर आयुष्यभर थोडा वेगळा राहणार हे धरूनच चालावं. सुरावरून त्याची आस्था मोजणं बरोबर नाही.

कोण कुठं अडणार हे त्याच्या घरच्या भाषेवरून बऱ्यापैकी आधीच सांगता येतं. बंगालीत व्याकरणातलं लिंग नाही, त्यामुळं बंगाली कारागीर 'माझा बायको', 'मोठा अंगठी' असं बोलतो. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून हिंदीवाल्याचं 'दार बंद केला' होतं. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळे आहेत, हे मराठी माणसाला कुणी न सांगता येतं आणि बाहेरच्याला कुणी सांगतच नाही, कारण लिहिताना अक्षर एकच. ळ भोजपुरी आणि बंगाली माणसाला जड जातो, ओडिया, राजस्थानी आणि गुजराती माणसाला अजिबात नाही, कारण त्यांच्या भाषांत तो आहे. म्हणून एकाच खोलीत राहणारे दोघं एकाच दिवशी कामाला लागले, तरी सहा महिन्यांनी ओडिया पोरगा 'जवळचा' वाटायला लागतो आणि भोजपुरी पोरगा 'भैय्या'च राहतो. दोघांच्या कष्टात फरक नसतो.

उच्चारावरून माणूस जोखणं किती दुटप्पी असतं, याचा नमुना 'पाणी' या शब्दात आहे. बिहारी कामगार 'पानी' म्हणाला की ती त्याच्या परकेपणाची खूण ठरते. पन्हाळ्याच्या पायथ्याचा शेतकरी 'पानी' म्हणाला की ते रांगडं कोल्हापुरी. आवाज तोच असतो, फरक ऐकणाऱ्याच्या कानात असतो.

सर्वनामांचंही तसंच. 'आम्ही' म्हणजे समोरच्याला वगळून आणि 'आपण' म्हणजे त्याला धरून, हा फरक मराठीत आहे, गुजरातीत आणि मारवाडीतही आहे. हिंदीत तो नाही, 'हम'मध्ये दोन्ही येतं. वर हिंदीतलं 'आप' आदरार्थी असल्यामुळं 'आपण' ऐकल्यावर गोंधळ वाढतो. परिणाम असा की जेवणाच्या सुट्टीत "आम्ही जेवून येतो" ऐकून नवखा पोरगा मागोमाग चालायला लागतो, सगळे त्याच्याकडे बघतात, आणि "आपण जाऊया" म्हटल्यावर तो जागचा हलत नाही. पहिल्या प्रसंगात तो आगाऊ ठरतो, दुसऱ्यात शिष्ट. एकदा बसलेला असा शिक्का पुढं बराच काळ निघत नाही.

'भैय्या'बद्दलही एवढं सांगायला हवं. भोजपुरी घरात तो थोरल्या भावासाठीचा मानाचा शब्द आहे. इथं तो एका गटाचं नाव झाला, आणि त्या गटात ओडिया, बंगाली, झारखंडचे आदिवासी असे सगळे कोंबले गेले. ज्या माणसाला घरी कुणी बिहारी म्हणत नव्हतं (तिथं तो त्याच्या गावाचा, टोल्याचा म्हणजे वस्तीचा, जातीचा होता), तो इथं येऊन बिहारी होतो. सुट्टीला गावी गेला की तिथं तो 'महाराष्ट्रवाला' असतो. ऊसतोड्याचंही हेच: इथं तो 'बीडचा', तिकडं 'कारखान्याला गेलेला'. नाव विचारून नावानं हाक मारणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. वयाने मोठा असेल तर 'मामा', 'काका' लावावं, कोल्हापूरला ती सवय आहेच.

एकटा आलेला आणि टोळीनं आलेला

कोण लवकर मराठी होतं, हे हुशारीवर फार थोडं अवलंबून असतं. लेस्ली मिलरॉय यांनी १९८०च्या सुमारास बेलफास्टमधल्या कामगार वस्त्यांत दाखवलं, की ज्यांचे शेजारी, सहकारी, नातलग आणि मित्र तेच-तेच असतात, त्यांची बोली घट्ट टिकते. हे सूत्र इथं जसंच्या तसं लागू पडतं. ठेकेदाराने एकाच गावातून पंधरा जण आणले, एका खोलीत ठेवले, एका पाळीत लावले, स्वयंपाकीही तिकडचाच, तर मराठीशी संबंध येतो फक्त सुपरवायझरच्या शिवीपुरता. उलट एकट्याने पाणीपुरीची गाडी लावणारा दोन वर्षांत गिऱ्हाइकाशी थट्टा करण्याइतकी मराठी बोलतो. त्याला पर्याय नसतो.

टोळीतल्या माणसाला भाषेचा तोटा होतो, पण आधार मिळतो: आजारपणात, पगार अडकल्यावर, घरी पैसे पाठवताना. म्हणून 'यांनी आपल्यातच राहू नये' असा सल्ला देणं सोपं असलं तरी फारसं शहाणपणाचं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी राहू दिली, त्यामागे हेच भान होतं. खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला आधी आपल्या माणसांत पाय टेकायला जागा मिळावी. शाळा मात्र त्यांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांची एकच केली.

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचे सिंधी हे याचंच जुनं उदाहरण. फाळणीनंतर वळीवड्याच्या छावणीत वसलेल्या या लोकांनी कापडाची घाऊक पेठ उभी केली. घरात सिंधी, गिऱ्हाइकाशी मराठी, मुंबई-सुरतेच्या व्यापाऱ्याशी हिंदी, अशी वाटणी तिथं पिढ्यान् पिढ्या चालली. पण नातवंडांची सिंधी बोलण्यापुरती उरत जाते, कारण शाळेत ती नाही आणि लिपीही दोन आहेत, अरबी वळणाची आणि देवनागरी. १९६७ साली सिंधी राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत आली, तरी घरातली गळती कागदाने थांबत नाही.

भाषा एकच, तरीही परके

आता मराठीतल्या मराठीत येणाऱ्यांकडं वळू. हा भाग नेहमी सुटतो.

ऊसतोडीचं एकक 'कोयता' हे आहे, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेऊन ही जोडी फडावर येते, पालात राहते आणि मोळ्या बांधते. फडात शेतकरी, चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या बघणारा कारखान्याचा माणूस), ड्रायव्हर आणि मजूर सगळे मराठीच बोलतात. तरी बोलण्याच्या पहिल्या मिनिटात कोण कुठला ते कळतं. लातूरकडचा 'करूलालो', 'जाऊलालो' म्हणतो, इथला 'करायलोय', 'जायलोय'. खरं तर दोन्ही रूपं एकमेकांच्या भाऊबंदकीतली, दोन्हीकडं 'लागणं' हे क्रियापद झिजून शेपटीला चिकटलंय. 'तो येईन' असं तिकडं तिसऱ्या पुरुषातही चालतं, इथं 'त्यो यील' असतं. तिकडचं 'लेकरू' इथं 'पोरगं' होतं.

एवढ्या फरकाने समजण्यात अडचण येत नाही. अडचण येते ती भाव करण्यात. खुशालीचे (तोडीसाठी वरून द्यायचे) किंवा वाढ्याचे (उसाच्या शेंड्याचे) पैसे ठरवताना मजुराची बोली त्याला 'बाहेरचा आणि हंगामी' म्हणून उघडी पाडते. समोरचा शेतकरी स्वतःही प्रमाण मराठी बोलत नसतो. पण गाव त्याचं, रस्ता त्याचा, म्हणून त्याची बोली 'बरोबर' आणि पाहुण्याची 'हेंगाडी'. प्रतिष्ठा बोलीला तिच्या व्याकरणामुळं मिळत नाही, ती बोलणाऱ्याच्या पायाखालच्या जमिनीमुळं मिळते. हाच शेतकरी पोराला भेटायला पुण्यात गेला की हेंगाडेपण त्याच्या वाट्याला येतं.

सुनांचं प्रकरण याहून बारीक आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या बऱ्याच बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. पुण्याकडून आलेल्या सुनेच्या तोंडी 'मी आले', 'मी जाते' असतं. पहिल्या आठवड्यात जाऊ म्हणते, "लय शुद्ध बोलत्या बाई." ऐकायला कौतुक आहे, आत चिमटा आहे. आता त्या सुनेपुढं तीन वाटा असतात. 'आले'वर ठाम राहावं तर शिष्ट ठरते. 'आलो' म्हणावं तर माहेरी गेल्यावर बहिणी हसतात. बहुतेकजणी तिसरी वाट धरतात: सासरी 'आलो', फोनवर आईशी 'आले', शाळेच्या पालक सभेत पुन्हा 'आले'. एका दिवसात तीनदा क्रियापद बदलणाऱ्या या बाईला 'भाषा येत नाही' असं म्हणणारे लोक आहेत! उलट दिशेनं, कोल्हापूरची मुलगी पुण्यात गेली की 'आलो'वर ऑफिसात एकदा हशा होतो आणि ते रूप पुढच्या महिन्याभरात नाहीसं होतं. 'लय भारी' मात्र ती ठेवते, कारण त्याला तिथं भाव आहे. बोलीतलं काय मिरवायचं आणि काय दडवायचं, ही निवड स्थलांतरित माणूस रोज करत असतो.

गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यातून येणाऱ्या कानडी घरांतल्या मुलींना तर भाषाच बदलावी लागते. या भागात एकापेक्षा जास्त भाषा शेजारी-शेजारी नांदण्याचा जुना अनुभव आहे. सांगलीजवळच्या कुपवाडवर जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास जगभरच्या भाषाशास्त्रात शिकवला जातो. तिथल्या जैन शेतकऱ्यांची कानडी, मुसलमानांची उर्दू आणि गावाची मराठी यांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती, की शब्दाला शब्द ठेवत एका भाषेतून दुसरीत जाता येत होतं. शब्द मात्र प्रत्येकाने आपापले राखले होते. व्यवहार सोपा करायला व्याकरण एक झालं आणि आपण कोण हे सांगायला शब्द वेगळे राहिले. गटागटांत बोलायला मराठी वापरायची, कारण ती कुणा एकाच्या घराची खूण मानली जात नव्हती. ओळख टिकवायची म्हणजे दुसऱ्याची भाषा नाकारायची असं नसतं, हे आपल्याच शेजारच्या गावाने केव्हाच दाखवलंय.

पोरं: फाडफाड बोलणं आणि पेपर लिहिणं

फाउंड्री कामगाराचं मूल शिरोलीच्या शाळेत पहिलीला बसतं. वर्ष-दोन वर्षांत मित्रांशी भांडण्याइतकी मराठी येते. शिक्षक निश्चिंत होतात. तिसरी-चौथीत गणिताची शाब्दिक उदाहरणं आणि परिसर अभ्यास सुरू झाला की गुण घसरतात आणि निष्कर्ष निघतो, 'पोरगं कच्चं आहे.' जिम कमिन्स यांनी कॅनडातल्या स्थलांतरित मुलांवरून हे कोडं सोडवलं: गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. 'भागिले', 'त्यामुळे', 'तुलना करा', 'वगळता' हे शब्द मैदानावर ऐकू येत नाहीत. तेव्हा उपाय मैदानी मराठी वाढवण्यात नाही, या शब्दांची वेगळी उजळणी घेण्यात आहे. दर धड्याआधी आठ-दहा शब्द काढून, ते मुलाच्या घरच्या भाषेत काय म्हणतात हे त्यालाच विचारून वहीत समोरासमोर लिहावेत.

हाच नियम पालावरून शाळेत येणाऱ्या ऊसतोड्याच्या मुलालाही लागू. फक्त त्याला पाच वर्षं सलग मिळत नाहीत, दरवर्षी सहा महिने इथं आणि सहा महिने तिकडं. त्याच्या बाबतीत कायदा माहीत असणं जास्त उपयोगी. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला उशिरा आला किंवा नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, वयाला योग्य त्या वर्गात बसवायचं असतं, आणि शक्य तिथवर शिक्षण मातृभाषेतून द्यायचं असतं. गावाकडच्या शाळेतून निघताना शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावं, त्यावर मूल काय-काय शिकलंय ते नोंदलेलं असतं. भोजपुरी किंवा ओडिया माध्यमाची शाळा इथं मिळणार नाही हे खरं. पण पहिल्या सहा महिन्यांत मुलाला घरच्या भाषेत उत्तर द्यायची मुभा द्यायला शासन निर्णय लागत नाही.

'घरात एक आणि बाहेर एक, पोरगं गोंधळेल' ही भीती बहुतेक आईबापांना असते आणि काही वेळा शिक्षकच ती घालतात. दोन भाषांची सरमिसळ हा गोंधळ नसतो. ज्या भाषेत शब्द चटकन मिळेल तो मूल उचलतं. खरी धोक्याची खूण वेगळी आहे: दीड वर्षापर्यंत कुठल्याच भाषेत एकही शब्द नाही किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडले जात नाहीत, तर डॉक्टरांना दाखवावं. एका भाषेत बोलतंय आणि दुसरीत गप्प आहे, तर काळजीचं कारण नाही.

घरची भाषा गळते ती हळूच. आई भोजपुरीत विचारते, पोरगी मराठीत उत्तर देते. काही महिन्यांनी आईही सोयीसाठी मोडक्या मराठीत विचारायला लागते. थोरलं भावंड शाळेतून मराठी घरात आणतं, म्हणून धाकट्याच्या वाट्याला घरची भाषा आणखी कमी येते. मग 'समजतं, पण बोलता येत नाही' ही पायरी येते, आणि आजीशी फोनवर बोलताना मूल रिसीव्हर आईकडं देतं. भाषा टिकवायची असेल तर आईबापांनी मोडक्या मराठीत बोलणं टाळावं. आपल्या पक्क्या भाषेत बोलावं, मूल उत्तर कशातही देवो. गावाकडच्या आजी-आजोबांशी आठवड्यातून दोन-तीनदा, मोठ्यांच्या मध्यस्थीशिवाय फोन लावून द्यावा. मराठी मुलाला शाळेतच बरी मिळते, आईकडून त्याला गोष्टी, शिव्या, लाड हे सगळं भरून वाहणाऱ्या भाषेत मिळायला हवं.

आणखी एक. दवाखान्यात आणि बँकेत दहा वर्षांच्या मुलाला दुभाषा करू नये. मूल वाईट बातमी गाळतं, लाजेचे प्रश्न वगळतं, आणि बाप पोराकडं बघून बोलायला लागला की घरातली उतरंड उलटी होते. सोबत कामावरचा एखादा मोठा माणूस न्यावा.

कामाच्या जागी

इथं भाषेचा प्रश्न ओळखीपुरता राहत नाही, हातपाय शाबूत राहण्याचा होतो. मराठी आणि हिंदी जवळच्या असल्यामुळंच काही शब्द घात करतात. फाउंड्रीत "लॅडल खाली!" (लॅडल म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं) याचा मराठी अर्थ खाली घे, आणि हिंदी कानाला ते 'रिकामी' असं ऐकू येतं. आत वितळलेलं लोखंड असताना हा फरक लहान नाही. 'थांब' घाईत 'थाम'सारखं ऐकू येतं, आणि 'थाम' म्हणजे धरून ठेव. यावर उपाय म्हणजे हुकमाचे वीस-पंचवीस शब्द ठरवून टाकावेत, सगळ्या सुपरवायझरांनी तेच वापरावेत आणि प्रत्येकाला हाताची खूण जोडावी. 'खाली'ऐवजी 'डाउन' आणि 'थांब'ऐवजी 'स्टॉप' ठेवलं तर मराठीचा काही अपमान होत नाही.

सूचनाफलक लावण्याआधी कोण कुठल्या राज्याचा एवढंच लिहून घेऊ नये. बिहारचा माणूस भोजपुरी, मैथिली, मगही यांपैकी काहीही बोलत असेल. झारखंडचा संथाली किंवा 'हो' नावाची भाषा. आणि बोलता येणं व वाचता येणं हे दोन वेगळे रकाने करावेत. १९४८च्या कारखाना अधिनियमात सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावण्याची तरतूद होती. बहुसंख्येच्या बाहेर राहिलेले दहा-बारा जण नेमके सगळ्यांत नवे असतात, आणि नव्यांनाच फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणं) आणि शेकआऊट (साचा फोडून ओतीव भाग काढणं) अशी धुळीची, चटक्यांची कामं मिळतात. त्यांच्यासाठी चित्र लावावं आणि पहिले चार दिवस त्यांच्या भाषेचा एक जुना कामगार जोडीला द्यावा. त्या जुन्या माणसाला याचा वेगळा भत्ता द्यावा, कारण तो दोन कामं करत असतो.

कागदावरची मातृभाषा

जनगणनेचा प्रगणक मातृभाषा विचारतो, तेव्हा बरेच स्थलांतरित 'हिंदी' सांगून मोकळे होतात. त्यांना वाटतं, आपली ती बोली, भाषा म्हणजे शाळेतली. २०११ला लोकांनी सांगितलेली १९,५६९ नावं छाननीनंतर १,३६९ मातृभाषांत बसवली आणि दहा हजारांहून अधिक बोलणारे असलेल्या मातृभाषा पुढं १२१ भाषांखाली गोळा केल्या. त्यात भोजपुरी, मगही, राजस्थानी आणि बंजारा तांड्यांची लमाणी हिंदीखाली गेली. मैथिली तेवढी २००३च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत येऊन वेगळी मोजली गेली. भोजपुरी सांगणारे पाच कोटींवर होते, पण तक्त्याच्या पहिल्या पानावर ते दिसत नाहीत.

२०२७च्या जनगणनेत हा प्रश्न पुन्हा दारात येईल, तेव्हा एवढं लक्षात ठेवावं. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई जी बोलत होती ती. तिला लिपी असलीच पाहिजे असं नाही. घरातल्या प्रत्येकाची मातृभाषा वेगळी असू शकते, सुनेची सासूपेक्षा वेगळी लिहिता येते, कुटुंबप्रमुखाची सगळ्यांना लावायची नसते. तान्ह्या बाळासाठी आई सहसा जी बोलते ती. त्याखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा सांगता येतात, ज्या जास्त येतात त्या क्रमाने. म्हणजे गुजरीतल्या कारागिराला मातृभाषा बंगाली, दुसरी हिंदी आणि तिसरी मराठी असं सांगता येईल. प्रगणकाने आपल्या अंदाजाने काही भरायचं नसतं, सांगणारा जे नाव सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं असतं.